पडद्यावरचे कापडदुकान
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला नेमून दिलेला विषय आहे, ‘कपड्यांची ऑनलाइन विक्री करणारे संकेतस्थळ कसे असावे?’ विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. शाळेच्या मेळाव्यात अभ्यास, शिष्यवृत्ती, शिस्त यांवर बोलावयाचे, त्यात ही दुकानदारी कोठून आली? परंतु समोर बसलेल्या पालकांकडे पाहिले म्हणजे उत्तर मिळते. आपणांपैकी कित्येकांची घरे कापडावर चालतात. कोणाचे माग आहेत, कोणी शिलाई करतो, कोणाचे बाजारात तयार कपड्यांचे दुकान आहे, आणि कित्येक भगिनी घरसंसार सांभाळून भरतकाम आणि जरीकाम करतात. भिवंडीत किंवा मालेगावात एकही नातेवाईक नाही असे घर येथे शोधावेच लागेल.

ईदच्या खरेदीचा केवढा तरी भाग आता बाजारातून उठून मोबाइलच्या पडद्यावर गेला आहे, हे दुकानदारांना मी सांगण्याची गरज नाही. गल्ल्यात ते रोज दिसते. मग घरातला शिकलेला मुलगा म्हणतो, “अब्बा, आपणही वेबसाइट काढू या.” वडील विचारतात, “खर्च किती?” आणि तेथून पुढे सगळी चर्चा खर्चावरच होते. पाच हजारांत होईल म्हणणारा भेटतो, पन्नास हजार सांगणाराही भेटतो. वेबसाइटवर उभे राहून गिऱ्हाईक काय पाहणार, त्याच्या मनात कोणती शंका येणार आणि ती कोण दूर करणार, हे मात्र कोणी विचारीत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच आहे.

आपल्या नेहमीच्या कापडदुकानात काय घडते ते डोळ्यांसमोर आणा. खालाजान गादीवर बसतात. दुकानदार ठाण उलगडतो. त्या आधी रंगाकडे पाहत नाहीत. कापड अंगठा आणि बोट यांत धरून चोळतात, पोत पाहतात. मग काठ पाहतात, उलटी बाजू पाहतात. “रंग जाईल का?” विचारतात. पन्हा किती ते विचारतात. शेवटी कापड उचलून दुकानाच्या दाराशी नेतात, कारण आतल्या दिव्याखाली दिसणारा रंग खरा नसतो हे त्यांना पक्के माहीत असते. त्यानंतर भाव. आणि भाव ठरल्यावरही जाता जाता एक प्रश्न असतोच, “नाही आवडले तर बदलून द्याल ना?”

आता हेच कापड मोबाइलवर आहे अशी कल्पना करा. चोळून पाहणे नाही, दाराशी नेणे नाही, अंगाला लावून आरशात पाहणे नाही. ओळखीचा दुकानदार समोर नाही, आणि पैसे मात्र आधी द्यावयाचे आहेत. बोटांना जे पाच-सहा प्रश्न पडत असत त्यांची उत्तरे आता छायाचित्राने आणि शब्दांनी द्यावयाची आहेत. कपड्यांच्या संकेतस्थळाची रचना म्हणतात ती एवढीच. बाकीचे पाहुण्यांच्या खोलीतील कागदी फुलांसारखे आहे. असले तर असो.

हे मी अंदाजाने सांगत नाही. याचे एक मोठे आणि महाग उदाहरण उपलब्ध आहे, आणि ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपल्याकडे अजूनही तसेच घडताना दिसते.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस अर्न्स्ट माल्मस्टेन आणि कैसा लिअँडर या स्वीडिश जोडीने पॅट्रिक हेडेलिन या तिसऱ्या भागीदारासह लंडन येथे ‘बू डॉट कॉम’ नावाची कंपनी काढली. ही माणसे नवखी नव्हती. पहिल्या दोघांनी त्याआधी स्वीडनमध्ये पुस्तकांची ऑनलाइन विक्री यशस्वीपणे सुरू केली होती. बू वर फॅशनचे आणि खेळाचे कपडे विकावयाचे, तेही एकदम अठरा देशांत, असा बेत होता. बड्या गुंतवणूकदारांनी पैसा ओतला. १९९९ च्या मे महिन्यात सुरू व्हावयाचे संकेतस्थळ लांबत लांबत नोव्हेंबर १९९९ मध्ये सुरू झाले. १८ मे २००० रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली. सुमारे साडेतेरा कोटी डॉलर संपले होते. दुकान उघडे राहिले ते जेमतेम साडेसहा महिने.

आता त्या संकेतस्थळावर काय होते ते ऐका. कपडा पडद्यावर चहूबाजूंनी फिरवून पाहता येत असे. तो एका चित्रातल्या पुतळ्याला घालून पाहता येत असे. ‘मिस बू’ नावाची एक चित्रातली मुलगी गिऱ्हाइकाशी गप्पा मारीत असे. ऐकावयास किती छान! आणि मी म्हणेन, कल्पना मुळात वाईट नव्हती. कपडा फिरवून पाहणे हे बोटांच्या प्रश्नाचेच उत्तर होते. पण त्या काळी बहुतेक घरांत इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून येत असे. विद्यार्थ्यांनो, येथे थोडे गणित करा. ५६ किलोबिटचा मोडेम पूर्ण वेगाने चालला, जो तो सहसा चालत नसे, तरी एका सेकंदाला ७ किलोबाइट मिळतात. म्हणजे १ मेगाबाइटचे चित्र उतरावयास सुमारे १४३ सेकंद, जवळजवळ अडीच मिनिटे लागतात. गिऱ्हाईक दाराशी उभे, आणि शटर उघडावयास काही मिनिटे! शिवाय मॅकिंटॉश संगणकावर ते संकेतस्थळ सुरुवातीला चालतच नसे. म्हणजे काही गिऱ्हाइकांच्या तोंडावर दार बंदच.

बू बुडण्याला दुसरीही कारणे होती. अठरा देशांची उडी होती, खर्चावर लगाम नव्हता, आणि त्याच सुमारास इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा फुगा फुटला होता. सगळे खापर रचनेवर फोडणे बरोबर होणार नाही. तरीही त्या रचनेत जी चूक होती ती स्पष्ट आहे. संकेतस्थळ करणाऱ्यांनी आपल्या कार्यालयातल्या वेगवान तारेवर ते पाहिले आणि खूष झाले. गिऱ्हाइकाच्या घरी बसून पाहिले नाही.

आज टेलिफोनच्या तारेवरचे मोडेम गेले, तार गेली, हाती फोर-जी आणि फाइव्ह-जी आले, तेव्हा ही जुनी कथा कशाला, असे कोणी म्हणेल. मी सांगतो कशाला. आपल्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्र सहज ३-४ मेगाबाइटचे होते. एका पानावर ४० कपडे मांडले आणि छायाचित्रे जशीच्या तशी चढविली, तर ते पान दीडशे मेगाबाइटच्या आसपास जाते. गावाकडे, एस.टी.मध्ये, माळ्यावरच्या खोलीत, स्वस्तातल्या तीन वर्षांच्या जुन्या फोनवर ते उघडणारी बाई काय करील? ती परत जाईल, आणि आपल्याला ते कधी कळणारही नाही. दुकानातून परत गेलेले गिऱ्हाईक पाठमोरे तरी दिसते. म्हणून छायाचित्र लहान करून चढवा. शंभर-दोनशे किलोबाइटमध्ये उत्तम चित्र बसते. ते लहान करून देणारी साधने फुकट मिळतात. जे पडद्यावर आहे तेच आधी उतरावे आणि खालचे गिऱ्हाईक खाली सरकेल तेव्हा उतरावे, अशीही सोय करता येते. करणाऱ्याला तसे सांगा. त्याने “गरज नाही” म्हटले तर दुसरा पाहा.

आता छायाचित्राकडे येऊ. आपण दाराशी जाऊन रंग पाहतो, म्हणून छायाचित्रही दाराशीच काढा. सकाळच्या उजेडात, थेट उन्हात नव्हे, फ्लॅश बंद ठेवून. कपड्याशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवून पाहा. कागद पिवळट किंवा निळसर दिसत असेल तर कपड्याचा रंगही खोटा दिसतो आहे असे समजा. फोनमध्ये चेहरा गोरा करणारी, रंग भडक करणारी जी करामत असते ती बंद करा. एवढे करूनही प्रत्येकाच्या पडद्यावर रंग थोडा निराळा दिसतोच, त्याला इलाज नाही. पण शब्द आहेत. ‘पिंक’ या एका शब्दात काय काय मावते पाहा! आपल्या मराठीत अबोली आहे, राणी आहे, गुलबक्षी आहे, डाळिंबी आहे. हिरव्या-निळ्याच्या मध्ये मोरपंखी आहे, चिंतामणी आहे. आमसुली म्हटले की कोकणातल्या बाईला दुसरे काही सांगावे लागत नाही. कापडबाजाराने हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या घासून तयार केले आहेत. ते टाकून देऊन ‘लाइट’ आणि ‘डार्क’ एवढ्यावर का भागवावे?

किती छायाचित्रे हवीत? खालाजान जितक्या वेळा कापड उलटतात तितकी. समोरून एक, मागून एक. गळ्याचे आणि बाहीचे जवळून एक. भरतकाम असेल तर त्याचे इतक्या जवळून की टाका दिसावा. आतल्या शिवणीचे एक, आणि हे फार थोडे लोक देतात. खरे तर आत किती माया सोडली आहे, अस्तर लावले आहे की नाही, शिवणीला ओव्हरलॉक आहे की नाही, यावरच जाणती बाई कपड्याची पारख करते. ज्याचे काम चांगले आहे त्याने आतली बाजू दाखविलीच पाहिजे. मोठ्या कंपनीच्या जाहिरातीपुढे आपल्या घरगुती शिलाईची बाजू मांडणारे छायाचित्र तेच आहे.

येथे एक नाजूक प्रश्न येतो. त्यावर भगिनींशी माझे अनेकदा बोलणे झाले आहे. घरी बसून कपडे करणाऱ्या कित्येक मुलींना आपले छायाचित्र लावावयाचे नसते, आणि घरच्यांनाही ते रुचत नाही. बाहेरून मॉडेल आणावयास पैसे नसतात. मग कुडता जमिनीवर पसरून छायाचित्र काढतात. पण पसरलेल्या कुडत्याची पडण दिसत नाही, लांबी गुडघ्यापर्यंत की पोटरीपर्यंत हे कळत नाही. यावर उपाय साधा आहे. शिंप्याकडे असतो तसा धडाचा पुतळा आणावा, नाहीतर कोणी घालून उभे राहावे आणि चित्र गळ्याखालून घ्यावे. शेजारी लिहावे, ‘घालणारीची उंची ५ फूट २ इंच, माप मीडियम.’ गिऱ्हाइकाला चेहरा नको असतो, लांबी हवी असते. धंद्यासाठी फोननंबर मात्र वेगळा घ्या. घरातल्या मुलीचा स्वतःचा नंबर चार अनोळखी ठिकाणी फिरू देऊ नका.

यानंतर मापाचा विषय. तयार कपड्यांच्या ऑनलाइन धंद्यात नफा खाऊन टाकणारी गोष्ट म्हणजे परत येणारा माल, आणि माल परत येण्याचे एक मोठे कारण म्हणजे माप. ‘एम’, ‘एल’, ‘एक्स-एल’ या अक्षरांना काहीही पक्का अर्थ नाही. एका कारखान्याचा एम दुसऱ्याचा एल असतो. म्हणून इंचात माप द्या, आणि कशाचे माप ते स्पष्ट लिहा. शरीराचे की कपड्याचे? छाती ३६ इंच असलेल्या बाईला सैलसर कुडता ४० इंचांचा लागेल. आपण नुसते ‘४०’ लिहिले तर ती म्हणेल हा मला मोठा, आणि लहान मागवील. तो घट्ट होईल, परत येईल, आणि जाण्यायेण्याचा खर्च आपल्या माथी. एका साध्या आकृतीत छाती, खांदा, बाही, लांबी कोठून कोठपर्यंत मोजली ते दाखवा. ‘घरातला नीट बसणारा कुडता पसरून मोजा आणि याच्याशी ताडून पाहा’ एवढे वाक्य लिहा. साडीला लांबी लिहा, ब्लाउजपीस धरून की सोडून ते लिहा. साधारण साडेपाच मीटर साडी आणि पाऊण-एक मीटर ब्लाउजपीस, हा हिशेब सर्वांना माहीत असतो असे समजू नका.

परतीच्या भीतीवर जगात कोणी काय केले याचेही एक उदाहरण देतो. १९९९ मध्येच अमेरिकेत निक स्विनमर्न नावाच्या तरुणाने ऑनलाइन बूट विकावयाचे ठरविले. पुढे ही कंपनी ‘झॅपोज’ या नावाने प्रसिद्ध झाली. बूट तर कपड्यापेक्षा अवघड, पायात घातल्याशिवाय कोण घेईल? त्याने आधी गोदाम भरले नाही. गावातल्या दुकानात जाऊन बुटांची छायाचित्रे काढली, ती संकेतस्थळावर लावली, आणि मागणी आली की त्या दुकानातून बूट विकत घेऊन पाठविले. लोक घेतात की नाही हे त्याने थोडक्या पैशांत पाहून घेतले. पुढे कंपनीने दोन्ही बाजूंचा टपालखर्च स्वतः सोसला आणि परत करण्यास ३६५ दिवसांची मुदत दिली. २००९ मध्ये ॲमेझॉनने ती विकत घेतली. आपल्यासारख्या छोट्या माणसाला वर्षभराची मुदत परवडणार नाही, हे उघड आहे. परवडेल तेवढीच द्या. सात दिवस देणार असाल तर सात लिहा. अंगावरचे आतले कपडे आणि मापाने शिवलेले कपडे परत घेणार नसाल तर तेही लिहा. पण हे कोठे लिहिता ते महत्त्वाचे. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत नको, भावाच्या खाली, जेथे खालाजान विचारतात तेथेच असावे.

भावाविषयी एक गोष्ट फार मनाला लागते. कुडता ६९९ चा म्हणून दाखवावयाचा, गिऱ्हाइकाने नाव, पत्ता, नंबर सगळे भरले की शेवटच्या पानावर ‘पॅकिंग ४०, पोच ८०’ असे उगवावयाचे. कोपनहेगनची बेमार्ड इन्स्टिट्यूट नावाची संस्था अशा विक्रीचा अभ्यास करते. तिने अनेक पाहण्या एकत्र करून काढलेली सरासरी अशी की, पिशवीत माल घालणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ७० जण पैसे न देता निघून जातात. त्यांत नुसते पाहावयास आलेले असतातच. पण शेवटी वाढलेला खर्च हे तिने नोंदविलेल्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. आपला पिनकोड १९७२ पासून आहे. सहा आकडे आधी विचारा, आणि पोच किती रुपयांत, किती दिवसांत ते तेथेच सांगून टाका. ईदच्या आधी आठ दिवस कपडा मागविणाऱ्या बापाला ‘लवकरच पोचेल’ या शब्दांचा काय उपयोग? त्याला तारीख हवी असते.

हे नुसते सौजन्य राहिलेले नाही. ऑनलाइन व्यापाराविषयी २०२० साली ग्राहक संरक्षण कायद्याखाली नियम झाले. विकणाऱ्याचे नाव-पत्ता, एकूण किंमत आणि तिची फोड, परतीच्या अटी, माल कोणत्या देशात तयार झाला, तक्रार कोणाकडे करावयाची, हे सर्व दाखविले पाहिजे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात दिला पाहिजे. गिऱ्हाइकाच्या वतीने आधीच खूण करून ठेवलेला चौकोन चालत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर केंद्र सरकारने फसव्या रचनांचे १३ प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केली. ‘फक्त दोनच उरले’ असे खोटेच लिहून घाई करणे, न मागता पिशवीत दुसरी वस्तू टाकणे, ‘नको’ म्हणणाऱ्याला लाज वाटेल असे शब्द वापरणे, शेवटी भाव वाढविणे, हे सगळे त्यांत येते. मोठमोठी संकेतस्थळे असे करतात, मग आपण केले तर काय बिघडले, असे एका मुलाने मला विचारले. मी त्याला उलट विचारले, “तुझे अब्बा दुकानात खालाजानच्या पिशवीत न विचारता रुमाल घालून पैसे लावतील का?” तो हसला. उत्तर त्याला ठाऊक होते.

पैसे देण्याच्या पानावर जितके कमी विचाराल तितके बरे. नाव, पत्ता, पिनकोड, फोन. जन्मतारीख कशाला हवी? आधी खाते उघडा, परवलीचा शब्द ठरवा, मग माल घ्या, ही सक्ती कशाला? दुकानात शिरण्याआधी आपण कोणाला नोंदवहीत सही करावयास लावतो का? यू.पी.आय. २०१६ पासून आले आणि चहावाल्यापर्यंत पोचले, ती सोय असावीच. तरीही नवख्या दुकानाला माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सवलत ठेवावी लागते. यात नवीन काही नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी व्ही.पी.पी.ने पुस्तके मागविली आहेत, पोस्टमनला पैसे मोजून पुडके सोडविले आहेत. ज्याच्यावर अजून विश्वास बसलेला नाही त्याच्याशी व्यवहार करण्याची ती जुनी आणि शहाणी रीत होती. अर्थात, यात माल न स्वीकारता परत पाठविणारेही भेटतात. म्हणून अशी मागणी आली की एक फोन करून खात्री करून घ्यावी.

मोबाइल की संगणक, हा वाद आता फारसा उरलेला नाही. बहुतेक गिऱ्हाईक मोबाइलवरच येणार, तेव्हा मोबाइलच्या अरुंद पडद्यासाठी आधी मांडणी करावी. पण दुसरे दार बंद करू नये. बंगळूरची ‘मिंत्रा’ ही आपल्या देशातली कपड्यांची बडी कंपनी. तिने मे २०१५ मध्ये संकेतस्थळ बंद केले आणि फक्त मोबाइल ॲपवरून विक्री ठेवली. वर्षभरातच तिला मागे फिरावे लागले. २०१६ मध्ये आधी मोबाइलवरचे संकेतस्थळ आणि जूनमध्ये संगणकावरचे संकेतस्थळ पुन्हा सुरू झाले. एवढ्या मोठ्या कंपनीला जे झेपले नाही, ते ‘आमचे ॲप उतरवून घ्या’ म्हणून गिऱ्हाइकाच्या मागे लागणाऱ्या छोट्या दुकानाला कसे झेपेल? ज्याचा माल साठ-सत्तर नगांचा आहे त्याला ॲप मुळीच नको.

अक्षरांबद्दल थोडे. फिकट करड्या रंगाची बारीक अक्षरे पांढऱ्यावर लिहिण्याची हल्ली मोठी आवड आहे. चाळिशी ओलांडलेल्या आईला ती वाचता येत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक असे प्रमाण असावे, असा जागतिक दंडक आहे, आणि ते मोजून देणारी साधनेही आहेत. प्रत्येक चित्रामागे त्याचे वर्णन शब्दांत लिहून ठेवता येते. अंध व्यक्तीचा फोन ते वाचून दाखवितो. अमेरिकेत ‘टार्गेट’ या दुकानसाखळीने ही काळजी घेतली नाही म्हणून २००६ मध्ये अंधांच्या संघटनेने दावा लावला, आणि २००८ मध्ये ६० लाख डॉलरवर तडजोड झाली. आपल्याकडे दाव्याची वाट कशाला पाहावयाची? भाषेचेही तसेच. गिऱ्हाईक मराठी बोलते, घरी उर्दू वाचते, आणि संकेतस्थळ त्याच्याशी मोडक्या इंग्रजीत बोलते, हे विचित्र नाही का? उर्दू ठेवावयाची असेल तर मांडणी उजवीकडून डावीकडे करावी लागते. नुसती लिपी बदलून भागत नाही, बटणांच्या जागाही बदलतात. ते जमत नसेल तर निदान मराठी नीट ठेवा.

विद्यार्थी मित्रहो, येथे तुमचा अभ्यास कामी येतो, आणि म्हणूनच हा विषय शाळेच्या मांडवात शोभतो. तुम्हांला वाटते की संकेतस्थळ म्हणजे संगणकाचे शिक्षण. ते लागतेच. पण दुकानाचा सांगाडा आता तयार मिळतो, महिन्याच्या भाड्यानेही मिळतो. तयार मिळत नाही ते वर्णन. मी नववीच्या वर्गात एकदा एक ओढणी पिशवीत घालून नेली. एकाने आत पाहून पाच वाक्यांत वर्णन करावयाचे, आणि बाकीच्यांनी ऐकून वहीत काढावयाची. पहिला म्हणाला, “सर, खूप सुंदर ओढणी आहे, सगळ्यांना आवडेल.” वर्ग पेन्सिल हातात धरून बसून राहिला. काढणार काय? दुसरी मुलगी म्हणाली, “विटकरी रंग, दोन्ही टोकांना चार बोटे रुंद काठ, काठावर पांढऱ्या दोऱ्याचे गहू, कापड सुती आणि धुतल्यावर थोडे आखडलेले.” तीस वह्यांत जवळजवळ सारखी ओढणी उमटली. आता कोणतेही संकेतस्थळ उघडा आणि पाहा, त्यावर पहिल्या मुलाचे वर्णन आहे की दुसऱ्या मुलीचे.

‘धुतल्यावर थोडे आखडते’ हे लिहावे का, असे त्या दिवशी वर्गात विचारले गेले. पालकांनाही तोच प्रश्न पडला असेल. माझे मत, लिहावेच. पहिल्या धुण्यात रंग सुटतो, वेगळे धुवावे, हातमागाच्या कापडात सूत कोठे जाड कोठे बारीक असते, हे आधी सांगितले तर तो मालाचा गुण ठरतो. घरी गेल्यावर दिसले तर तोच दोष ठरतो, आणि पुडके परत येते.

शेवटी, संकेतस्थळ तयार झाले की ते बरे की वाईट हे कोणी ठरवावयाचे? तुम्ही नाही, आणि करणाऱ्यानेही नाही. जेकब निल्सन नावाच्या तज्ज्ञाने २००० साली दाखवून दिले की, पाच साध्या माणसांना वापरावयास दिले तरी बहुतेक अडचणी उघड होतात. पाच माणसे घरातच आहेत. आईला द्या, मामूंना द्या, शेजारच्या भाभींना द्या. सांगा, “एवढ्यातून मुन्नीसाठी ईदचा फ्रॉक घ्या.” आणि मग तोंड मिटून मागे उभे राहा. “वर दाबा, तिकडे नको” असे एक अक्षरही बोलू नका, कारण गिऱ्हाइकाच्या घरी तुम्ही मागे उभे नसणार. बोट कोठे थबकते, कोठे मागे येते, कोठे त्या चष्मा वर करून पडदा डोळ्यांजवळ नेतात, ते वहीत टिपा. जेथे तिघांचे बोट थबकले ती जागा आधी दुरुस्त करा.

ज्या विद्यार्थ्यांना हे करून पाहावयाचे आहे त्यांनी शनिवारी दुपारच्या सुटीनंतर संगणक-खोलीत यावे. येताना घरात शिवलेला एक कपडा, मोजपट्टी आणि एक पांढरा कागद आणावा. पालकांपैकी कोणी शिंपीकाम करणारे आले तर फार बरे होईल. माया कोठून मोजावयाची हे मला अजून त्यांच्याइतके नीट सांगता येत नाही.